बारा फोटोंचा रोल

वय सत्तरीपलीकडे गेले की घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूला एक प्रश्न विचारला जातो : ‘आता हे कशाला?’ रक्तदाब मोजण्याचे यंत्र, न्हाणीघरातील आधाराचा दांडा, औषधांच्या सात कप्प्यांची डबी यांना तो विचारला जात नाही. कारण त्यांचे उत्तर सर्वांना ठाऊक असते. मी फिल्मवर चालणारा जुना कॅमेरा घेण्याचे ठरविले तेव्हा मात्र हा प्रश्न मुलाने विचारला, सूनबाईंनी विचारला, आणि शेजाऱ्यांनी तर हसत हसत विचारला. तो रास्तच होता. घरात तीन फोन आहेत, तिघांतही उत्तम कॅमेरे आहेत, आणि फोटो काढण्याला एक पैसाही पडत नाही. अशा काळात रोल विकत घ्यायचा, तो पुण्यास धुण्यासाठी पाठवायचा आणि पंधरा दिवस वाट पाहायची, याला शहाणपण म्हणणे कठीणच.

या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. कॅमेरा कोणता घ्यावा, भिंग कोणते, फिल्म कोणती, हे प्रश्न छंदिष्टांचे वाटतात. माझ्या बाबतीत ते शुश्रूषेचे प्रश्न झाले, म्हणून या पाक्षिकाच्या वाचकांपुढे ते मांडण्याचे धाडस करतो.

आम्ही यवतला राहतो. पुणे-सोलापूर महामार्गावरचे, रेल्वेच्या फाट्यावरचे, उसाचे आणि गुऱ्हाळांचे हे गाव. मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. माझे वय शहात्तर, पत्नीचे एकाहत्तर. चार वर्षांपूर्वी तिला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. आरंभी ती दुधाचा हिशेब विसरे, मग देवळातून घरी येण्याची वाट विसरू लागली. आता ती कधी कधी मला ‘अहो’ म्हणते आणि कधी कधी ‘तुम्ही कोणाकडचे?’ असे अत्यंत सौजन्याने विचारते. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना अधिक सांगावयास नको. ज्यांच्या घरी नाही त्यांना एवढेच सांगतो की, या आजारात माणूस एकदम जात नाही. थोडा थोडा जातो आणि मागे राहिलेल्याला प्रत्येक वेळी नव्याने पाहावा लागतो.

हे पाहणे नीट व्हावे, म्हणून मला कॅमेरा हवा होता.

फोन का नको

फोनविषयी माझी तक्रार नाही. मुलगा त्यावर आईचे उत्तम फोटो काढतो आणि ते परगावी राहणाऱ्या लेकीला क्षणात पोहोचतात. परंतु दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. पहिली अशी की, फोन समोर धरला की पत्नी त्याच्याकडे पाहत नाही. तिच्या लेखी तो कॅमेराच नव्हे; ती एक चकाकती पाटी आहे आणि तिच्यामागे माणूस काहीतरी वाचतो आहे. फोटो काढला जात आहे, ही जाणीवच तिला होत नाही. दुसरी गोष्ट माझ्याविषयीची. वर्षभरात माझ्या फोनमध्ये तिचे चार हजारांहून अधिक फोटो साठले होते आणि त्यांतील एकही मी दुसऱ्यांदा पाहिला नव्हता. साठवण झाली होती, पण पाहणे झाले नव्हते.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी पहिला कॅमेरा घेतला तो आग्फा कंपनीचा ‘क्लिक थ्री’. त्या काळी बडोद्यात तयार होणारा हा काळा डबा मध्यमवर्गीय घरांतून सर्वत्र दिसे. ‘१२०’ क्रमांकाची फिल्म, एका रोलवर बारा चौकोनी फोटो. ऊन असले तर एक खूण, ढग असले तर दुसरी. याहून अधिक त्यात काही ठरवायचे नसे. पुढे शाळेतील एका सहकाऱ्याने याशिका कंपनीचा दोन भिंगांचा उभा कॅमेरा घेतला आणि सुट्टीत तो माझ्याकडे राहू लागला. भुलेश्वरच्या डोंगरावरील सहली, मुलांची बारशी, पालखीचा मुक्काम हे सारे त्या कॅमेऱ्यावर टिपलेले आहे. त्याचे वरचे झाकण उघडताना स्प्रिंगचा एक विशिष्ट खटका होई आणि तो ऐकताच पत्नी पदर सावरीत असे. चाळीस वर्षांपूर्वीची ही सवय असल्या आजारात शिल्लक असेल का, असा विचार एके रात्री मनात आला. येथून निवडीस आरंभ झाला.

डोळे माझे, चेहरा तिचा

नातीने इंटरनेटवर शोध घेऊन मला तीन प्रकार समजावून सांगितले. त्यांतील पहिला मला परिचित होता : डोळ्याला लावून पाहायचा, आरसा असलेला, भिंग बदलता येणारा कॅमेरा. पेंटॅक्सचा ‘के १०००’ या जातीतील सर्वांत प्रसिद्ध. १९७६ पासून १९९७ पर्यंत तो तयार होत होता आणि फोटोग्राफी शिकणाऱ्या पिढ्याच्या पिढ्या त्यावर घडल्या. निकॉनचा ‘एफएम १०’ त्याहून हलका, केवळ चारशे वीस ग्रॅमच्या आसपास. दुसरा प्रकार म्हणजे २००० सालच्या आगेमागे निघालेले, आपोआप फोकस करणारे फिल्म कॅमेरे. तिसरा म्हणजे तोच जुना दोन भिंगांचा उभा डबा.

तिन्ही प्रकार मी ओळखीच्यांकडून काही दिवसांसाठी मागून आणले आणि वापरून पाहिले. कोणत्याही ज्येष्ठ वाचकाने असेच करावे, असे मी सुचवेन; कारण जाहिरातीत जे गुण सांगितलेले असतात ते तरुण डोळ्यांचे आणि स्थिर हातांचे असतात.

डोळ्यांचा विचार प्रथम करू. चाळिशीनंतर आपल्या डोळ्यातील नैसर्गिक भिंग ताठर होत जाते आणि जवळचे पाहण्यासाठी त्याला आकार बदलता येत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसविलेले कृत्रिम भिंग तर बहुधा एकाच अंतरासाठी असते. माझ्या दोन्ही डोळ्यांची ही शस्त्रक्रिया झाली आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात डोकावले की आतील चित्र आपल्याला डोळ्यालगत आहे असे वाटते. परंतु ते सर्वसाधारणपणे एक मीटर अंतरावर असल्यासारखे दिसावे, अशी त्याची रचना असते. त्यामुळे वाचण्याच्या चष्म्याने ते धूसर दिसते आणि दुहेरी चष्मा असल्यास वरच्या भागातून पाहावे लागते. काही कॅमेऱ्यांच्या नेत्रिकेवर निराळ्या नंबरची काच बसविता येते, काहींत नंबर जुळविण्याचे छोटे चाक असते. विकत घेण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे. नेत्रिकेची कड धातूची असेल तर चष्म्यावर ओरखडे पडतात. तेथे रबराचे कडे असणे आवश्यक.

हे सारे जमण्याजोगे होते. जमले नाही ते निराळेच. आरशाचा कॅमेरा डोळ्याला लावला की माझा चेहरा त्यामागे झाकला जाई आणि पत्नी अस्वस्थ होई. ‘कोण आहे तिकडे?’ असे ती सूनबाईंना विचारी. फोटो घेताना आतील आरसा उचलला जाऊन जो मोठा आवाज होतो, त्यानेही ती दचकत असे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला चेहरा हाच मोठा आधार असतो. नाव आठवले नाही तरी हसणे ओळखू येते. तो आधार काढून घेऊन काढलेल्या फोटोत भीतीच उतरणार.

दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात ही अडचण नाही. तो पोटाशी धरतात किंवा तिपाईवर ठेवतात आणि वरून खाली वाकून काचेच्या पडद्यावर चित्र पाहतात. वरच्या भिंगातून पाहायचे, खालच्या भिंगातून फिल्मवर उमटवायचे, अशी विभागणी असल्यामुळे आत हलणारा आरसा नाही. त्याचा आवाज घड्याळाच्या एका टिकेएवढा. आणि मुख्य म्हणजे माझा चेहरा तिला पूर्ण दिसतो. पडद्यावरचे चित्र वाचण्याच्या चष्म्याने स्पष्ट दिसते; बारकाईने पाहायचे असल्यास झाकणातून एक भिंग वर येते. चित्र डावे-उजवे उलटे दिसते, त्याची सवय व्हायला आठवडा लागतो.

मी याशिकाचा ‘मॅट १२४ जी’ निवडला. १९७० पासून १९८६ पर्यंत हा कॅमेरा तयार होत होता. ज्या दिवशी तो प्रथम घरी आणून मी ओसरीवर उघडला, त्या दिवशी झाकणाचा खटका झाला आणि पत्नीने मान न वळविता उजव्या हाताने पदर खांद्यावर घेतला. तिला काही आठवले असे मी म्हणणार नाही. तिच्या हाताला आठवले, एवढेच म्हणतो.

कापरे हात आणि भिंगाची भाषा

या कॅमेऱ्याचे भिंग बदलता येत नाही. ऐंशी मिलिमीटरचे एकच भिंग, त्याचे सर्वांत मोठे तोंड ३.५ चे. छंदी माणसाला ही उणीव वाटेल. मला ती सोय वाटली. कारण निवडीचा एक मोठा भाग आपोआप संपला. तरीही भिंगाविषयी दोन शब्द सांगतो. कोणताही कॅमेरा घेतला तरी ते उपयोगी पडतील.

भिंगाच्या मिलिमीटरच्या आकड्यावरून आपण माणसापासून किती अंतरावर उभे राहणार, हे ठरते. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या नेहमीच्या फिल्मवर पन्नासचे भिंग साधारण आपल्या नजरेसारखे दाखविते. एकशे पस्तीसचे भिंग दूरचा चेहरा जवळ आणते, परंतु त्यासाठी तीन-चार मीटर मागे जावे लागते आणि हाताचा कंपही ते तितकाच मोठा करून दाखविते. दुसरा आकडा भिंगाच्या तोंडाचा. तो जितका लहान तितका प्रकाश अधिक येतो, म्हणून १.८ चे भिंग घरातील उजेडात ३.५ पेक्षा सरस. आजारी माणसाचे फोटो काढणाऱ्याने फ्लॅश वापरूच नये, असे माझे मत आहे. अवचित लखलखाटाने आमच्या घरी पुढचा सारा दिवस बिघडतो. फ्लॅश नको म्हटले की मोठ्या तोंडाचे भिंग, वेगवान फिल्म आणि खिडकीजवळची जागा, या तिन्हींचा विचार करावा लागतो.

माझ्या हातांना कंप आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा पार्किन्सनचा कंप नव्हे. पार्किन्सनमध्ये हात विसावलेला असताना कंप अधिक दिसतो. माझा कंप वस्तू उचलली, पेला ओठांशी नेला की वाढतो. चहा-कॉफीने, थकव्याने आणि चिंतेने त्यात भर पडते. ज्यांना असा कंप आहे त्यांनी तो वयाचा म्हणून अंगावर न काढता एकदा तज्ज्ञांना अवश्य दाखवावा. काहींना औषधाने बराच आराम पडतो.

कॅमेरा हातात धरून फोटो काढायचा तर जुना नियम असा की, भिंगाचा जो आकडा असेल, सेकंदाच्या तितक्याव्या भागाहून अधिक वेळ पडदा उघडा ठेवू नये. ऐंशीच्या भिंगाला एकशे पंचविसावा भाग. कापऱ्या हातांनी त्याच्याही निम्मा वेळ घ्यावा. घरातील उजेडात ते शक्य नसते. येथे काहींना दुसऱ्या प्रकारचा, आपोआप फोकस करणारा कॅमेरा उपयोगी पडेल. कॅनन कंपनीने १९९५ मध्ये कंप सावरणारी यंत्रणा असलेले, कॅमेऱ्यावर बदलून लावता येणारे पहिले भिंग बाजारात आणले. अशी भिंगे त्याच कंपनीच्या बहुतेक स्वयंचलित फिल्म कॅमेऱ्यांवर चालतात. ज्यांना चालता-फिरता फोटो काढायचे आहेत त्यांनी हा मार्ग पाहावा. कोणताही मार्ग घेतला तरी मानेत अडकविलेले वजन विसरू नये. याशिकाचा डबा एक किलोहून अधिक भरतो. मानेचे दुखणे असणाऱ्याने तो गळ्यात घालून हिंडू नये.

मी तिपाईचा आश्रय घेतला. मात्र तिपाईचे फाकलेले पाय ही वृद्धांच्या घरातील धोक्याची वस्तू आहे. आमची तिपाई भिंतीलगत असते, तिच्या पायांना पिवळी चिकटपट्टी लावली आहे आणि काम झाले की ती लगेच मिटविली जाते. तिपाईमुळे एक मोठा लाभ झाला. फोकस एकदा जुळवून ठेवले आणि बटणाला केबल जोडली की मला कॅमेऱ्यात पाहण्याचे कारण उरत नाही. मी तिच्याकडे पाहत, तिच्याशी बोलत असतो आणि योग्य वाटेल तेव्हा बोटाने केबल दाबतो. कंप बोटात राहतो, फोटोत उतरत नाही.

फिल्म, सेल आणि खरेदीची पथ्ये

फिल्म मी कृष्णधवल घेतो, चारशे वेगाची. एकेकाळी आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म मिळत असे. आता बाहेरून येणाऱ्या फिल्मवर भिस्त आहे. रोल, तो धुणे आणि संगणकावर उतरविणे हे सारे धरले तर मला एका फोटोला सुमारे शंभर रुपये पडतात. महिन्याला एक रोल, म्हणजे बारा फोटो, हा आमचा नेम आहे. रंगीत फिल्मवर घरातील दिव्यांचा पिवळा-हिरवा रंग चढतो. कृष्णधवलला त्याची बाधा नाही, आणि उजेडाचा अंदाज थोडा चुकला तरी ती सांभाळून घेते.

रोल घरी धुण्याचा मोह मला झाला होता. तो मी आवरला. ही रसायने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या घरात असूच नयेत. बाटलीत पाणी आहे की आणखी काही, हा भेद त्या व्यक्तीला राहत नाही. शिवाय डेव्हलपरमधील मेटॉलने काहींच्या हाताला पुरळ येते.

कॅमेऱ्यातील उजेड मोजण्याच्या यंत्राला पूर्वी पाऱ्याची सेल लागे. पाऱ्याच्या घातकतेमुळे ती बंद झाली. तिच्या जागी कानामागे लावायच्या श्रवणयंत्राची ६७५ क्रमांकाची, निळ्या चिकटपट्टीची सेल एका कड्यात बसवून वापरता येते. दोघींचा दाब जवळजवळ सारखा असतो. माझ्या श्रवणयंत्राची सेल हीच आहे, त्यामुळे एकाच पाकिटात दोन्ही कामे भागतात. पट्टी काढली की ही सेल वापरात नसतानाही काही आठवड्यांत संपते, हे ध्यानात ठेवावे. आणि अशा चपट्या सेल नेहमी कुलपात ठेवाव्यात. लहान मुलाने किंवा विस्मरण असलेल्या व्यक्तीने ती गिळली तर तो तातडीने रुग्णालयात नेण्याचा प्रसंग समजावा.

जुना कॅमेरा घेताना भिंगातून विजेरीचा झोत टाकून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती फार. आमच्या कोरड्या भागात धूळ अधिक. पडद्याचा वेग एका सेकंदावर ठेवून कान देऊन ऐकावे. आवाज अडखळला तर आतील वंगण सुकले आहे. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा ठेवू नये, ती ओल धरते. स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा. आणि आठ दिवसांत परत घेण्याची अट दुकानदाराकडून लिहून घ्यावी.

पिठलं-भाकरीचा दिवस

तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरच्या वाटेवर यवतला मुक्कामी असते. त्या दिवशी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढण्याची आमच्या गावाची परंपरा महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. घरोघरी भाकऱ्या थापल्या जातात आणि काळभैरवनाथाच्या देवळाकडे पाठविल्या जातात. पत्नीने लग्न होऊन या गावात आल्यापासून एकही वर्ष चुकविले नव्हते.

गेल्या आषाढवारीत तिला त्या दिवसाचे भान नव्हते. सूनबाईंनी तिला चुलीपासून दूर, दाराच्या उजेडात पाटावर बसविले, समोर परात ठेवली आणि पिठाचा गोळा तिच्या हातात दिला. काही सांगावे लागले नाही. तिने गोळा मळला, पीठ पसरले आणि थापायला सुरुवात केली. थापलेली भाकरी सूनबाई उचलून तव्यावर टाकीत होत्या. त्या सकाळी तिने सतरा भाकऱ्या थापल्या. शिकलेली कामे करण्याची हातांची स्मृती घटनांच्या स्मृतीहून निराळी असते आणि या आजारात ती पुष्कळदा उशिरापर्यंत टिकते, असे डॉक्टरांनी मला पूर्वी सांगितले होते. ते मी त्या दिवशी पाहिले.

मी तिपाई ठेवून तीन फोटो काढले. तोंड ३.५ वर, वेळ सेकंदाचा तिसावा भाग. एवढ्या मोठ्या तोंडाने फोकसची खोली जेमतेम वीतभर मिळते. तिचा चेहरा स्पष्ट आला, हात मात्र हालचालीमुळे धूसर झाले. मुलाला तो फोटोतील दोष वाटला. मला वाटत नाही. थापणारे हात धूसरच दिसतात.

फोटो कोणासाठी

हा फोटो छापून आला तेव्हा मी तो मोठ्या आशेने तिच्या हाती दिला. तिने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, ‘‘आई किती दमलेली दिसते.’’ फोटोतील म्हातारी तिला स्वतःची आई वाटली. तिच्या मनातील ती स्वतः अजून पस्तिशीचीच आहे. मी म्हणालो, ‘‘हो, दमल्या आहेत, पण भाकरी छान झाली.’’ ती हसली.

या आजारात रुग्णाला आपला आजचा चेहरा पुष्कळदा ओळखू येत नाही. म्हणून नवे फोटो आता मी तिला दाखवीत नाही. तिच्यासाठी जुने फोटो आहेत. क्लिक थ्रीचे ते लहान चौकोनी फोटो मोठे करून घेतले, चकचकीत कागदाऐवजी मंद कागदावर, जेणेकरून ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडून ती गोंधळणार नाही. वहीच्या एका पानावर एकच फोटो चिकटविला आणि खाली ठळक अक्षरांत नाव लिहिले. तो दाखवताना ‘ओळख बघू कोण?’ असे आम्ही विचारीत नाही. तो प्रश्न म्हणजे परीक्षा असते, आणि नापास होण्याचे दुःख तिला अजून कळते. ‘ही तुझी शालूतली मैत्रीण, भुलेश्वरला गेलो होतो तेव्हाची’, असे आपणच सांगावे आणि पुढचे तिच्यावर सोडावे. कधी ती गप्प राहते, कधी त्या डोंगरावर लागलेल्या पावसाविषयी बोलू लागते.

मग नवे बारा फोटो कोणासाठी? काही मुलांसाठी, पुढे कधीतरी त्यांना हवे वाटतील म्हणून. खरे सांगायचे तर अधिक माझ्यासाठी. शुश्रूषा करणाऱ्याचा दिवस कामांचा असतो : गोळ्या, आंघोळ, जेवण, दाराची कडी. दिवसाकाठी मी तिला शंभर वेळा पाहतो. परंतु ते लक्ष ठेवणे असते. महिन्याला बारा फोटो एवढीच सोय असली की तिच्याकडे कामाशिवाय पाहावे लागते. उजेड तिच्या कोणत्या गालावर आहे, ती आज कशाने खूश आहे, हे पाहत अर्धा-अर्धा तास मी केबल हातात धरून बसतो आणि पुष्कळदा फोटो न काढताच उठतो. त्या अर्ध्या तासात तिच्याकडे कोणीतरी निवांत पाहत असते, हे तिला आवडते. फोटो तिच्या हाती लागत नाही, पण हा वेळ लागतो.

काही पथ्ये आम्ही पाळतो. ती रडत असेल, चिडलेली असेल, कपडे नीट नसतील तर कॅमेरा उघडायचा नाही. तिने ‘नको’ म्हटले की नको. ती विसरणार आहे म्हणून तिच्या नकाराची किंमत कमी होत नाही. आणि फोटो बाहेर कोठे पाठवायचे तर घरातील सर्वांचे एकमत असावे. याबरोबर शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःचीही विचारपूस करावी. झोप उडणे, उगाच संताप येणे, जेवणावरची वासना जाणे ही लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली तर आपणही डॉक्टरांना भेटावे. ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था १९९२ पासून अशा कुटुंबांसाठी काम करीत आहे. आपल्यासारखी आणखी घरे आहेत, हे कळल्यानेही बळ येते.

फिल्मचाच कॅमेरा घ्यावा, असा माझा आग्रह नाही. ज्या घरात रुग्णाला फोन पाहून हसू येते, त्यांनी फोन वापरावा आणि त्यातील दहा फोटो कागदावर छापून घ्यावेत. निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात, एवढेच मी सांगेन : तुमच्या डोळ्यांना त्यात स्पष्ट दिसते का, तुमच्या हातांना तो पेलतो का, आणि त्यामागचा तुमचा चेहरा समोरच्या माणसाला दिसतो का. यांतील तिसरी गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते.

सध्याच्या रोलवर आठ फोटो झाले आहेत. याशिकाला आपोआप फोटो निघण्याची खटकी आहे. ती दाबून मी तिच्या शेजारी जाऊन बसू शकतो. दहा सेकंदांच्या आत पोहोचावे लागते आणि माझा गुडघा त्यात आडकाठी करतो. म्हणून तिपाई खुर्चीच्या अगदी जवळ लावून पाहणार आहे. उरलेल्या चारांपैकी एक फोटो आम्हा दोघांचा काढायचा बेत आहे. पाऊस उघडून ओसरीवर ऊन आले की काढू.